पाखरांना वाट कोण दाखवितो?

(बेलपाडा, ता. पनवेल येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



पावसाळा सरला, हवेत थोडा गारवा आला, की पनवेल तालुक्याच्या खाडीकाठी नव्या पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. शाळेच्या अंगणात शेपटी वरखाली हालवीत धोबी पक्षी धावू लागतो. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा बसतात. ओहोटी लागून चिखल उघडा पडला, की तुतवार, चिखले व पाणटिवळे त्यात चोची खुपसून आपले भक्ष्य शोधू लागतात. बेलपाडा-खारघर भागातील मुलांना ही दृश्ये अपरिचित नाहीत. आजूबाजूस उंच इमारती उभ्या राहिल्या, रस्ते रुंद झाले. तरी खाडीची भरती-ओहोटी चालूच आहे आणि हे पाहुणेही यावयाचे थांबलेले नाहीत.

अशा वेळी वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, एवढ्या लांबून येतात, तर यांना वाट कोण दाखवतं?” या प्रश्नास बहुधा दोन शब्दांचे उत्तर मिळते: ‘उपजत बुद्धी’. उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि अधिक खेदाची गोष्ट ही की, ते दिल्याबरोबर प्रश्न संपतो. पाखराला वाट जन्मतःच ठाऊक असते की वडीलधाऱ्यांच्या मागे उडून ते ती शिकते, हा प्रश्न केवळ विचार करून सुटणारा नाही. त्याची परीक्षा घ्यावी लागते. ती कशी घेतली गेली आणि तीतून काय निष्पन्न झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम घरातील उदाहरण घेऊ. ज्या घरी कोंबड्या व बदके दोन्ही पाळली जातात, तेथे पुष्कळदा बदकाची अंडी कोंबडीखाली उबवायला ठेवतात. पिल्ले बाहेर पडली, की ती कोंबडीच्या मागे मागे हिंडतात. पण वाटेत डबके लागले, की पिल्ले बेधडक पाण्यात शिरतात आणि कोंबडी बिचारी काठावर कावरीबावरी होऊन ओरडत राहते. पोहणे त्यांना कोंबडीने शिकविलेले नाही. ते ज्ञान अंड्यातूनच आलेले आहे. मात्र ‘आई कोण’ हे ज्ञान अंड्यातून आलेले नाही. डोळ्यांसमोर प्रथम जी हलती आकृती आली, तीच त्यांनी आई मानली. ऑस्ट्रियातील कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाच्या मागे हंसाची पिल्ले याच कारणाने धावत असत. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल त्यास १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अंगणातील या एका दृश्यात उपजत आणि शिकलेले अशा दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या, याचे कारण एकच: पिल्लू आणि त्याचा खरा पालक यांची ताटातूट झाली होती. परीक्षेचे मर्म या ताटातुटीत आहे.

निसर्गात अशी ताटातूट आपोआप घडलेली पाहावयाची असेल, तर चातकाकडे पाहावे. पावसाच्या आगमनाबरोबर दिसणारा हा पक्षी स्वतः घरटे बांधीत नाही. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडे घालते व पिल्लू सातभाई वाढवितात. सातभाई आपला परिसर सोडून दूरदेशी जात नाहीत. दक्षिण भारतातील काही चातक वर्षभर तेथेच राहतात हे खरे. परंतु उत्तरेकडे व मध्य भारतात पावसाळ्यात येणारे चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात व पुन्हा तिकडे परततात. ज्यांनी वाढविले, त्यांना समुद्राची कल्पनाही नाही. मग पिल्लास ती वाट कोणी सांगितली? येथे ‘उपजत’ म्हणावेसे वाटते. परंतु चिकित्सक शिक्षक लगेच विचारील, की ते पिल्लू वाढल्यावर इतर प्रौढ चातकांच्या संगतीने गेले नसेल कशावरून? शंका रास्त आहे. उत्तम निरीक्षण आणि परीक्षा यांत हाच भेद असतो. निरीक्षण प्रश्न उभा करते. परीक्षा एकेक पर्याय बाजूला सारते.

हाच भेद दुसऱ्या एका बाबतीत ध्यानात ठेवावा लागतो. पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचे कडे घालून त्यांचा माग काढण्याचे मोठे कार्य मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केले. रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास करणारे डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, १९५९ पासून या कार्याला व्यापक रूप आले. अलीकडे कड्याच्या जोडीस उपग्रहाशी संधान बांधणारी यंत्रे आली. २०२२ साली याच संस्थेने ठाणे खाडीतील सहा रोहित पक्ष्यांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, अंगावर अशी यंत्रे बसविली आणि खाडी व गुजरात यांमधील त्यांच्या फेऱ्या नकाशावर उमटू लागल्या. हे ज्ञान अमोल आहे. तथापि यंत्र सांगते ते पक्षी कोठे गेला एवढेच. तो आपल्या जन्मजात ज्ञानाने गेला की थव्यातील जाणत्यामागून गेला, हे यंत्र सांगू शकत नाही. त्याकरिता पुन्हा ताटातुटीकडेच वळावे लागते.

अशी ताटातूट मुद्दाम व मोठ्या प्रमाणावर घडवून आणली ती हॉलंडमधील पर्डेक या शास्त्रज्ञाने. काटेसावर फुलली, की तिच्यावर गलका करणारी भोरडी शिक्षकांच्या परिचयाची आहे. तिचाच एक भाऊबंद, स्टार्लिंग, युरोपात असतो. बाल्टिक समुद्राच्या बाजूचे स्टार्लिंग शरद ऋतूत हॉलंडवरून नैर्ऋत्येच्या सुमारास जाऊन उत्तर फ्रान्स, दक्षिण इंग्लंड या भागांत हिवाळा काढतात. पर्डेकने हेग शहराजवळ वाटेतच हे पक्षी धरविले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि विमानाने आग्नेयेस सुमारे सहाशे किलोमीटरांवर, स्वित्झर्लंडमध्ये, नेऊन सोडले. काही वर्षे हा उद्योग चालला व अकरा हजारांहून अधिक पक्षी असे हलविण्यात आले. त्यांत प्रौढ पक्षी होते, तसेच त्याच वर्षी जन्मलेले, प्रथमच प्रवासास निघालेले तरुण पक्षीही होते.

पुढे निरनिराळ्या ठिकाणी साडेतीनशेच्या आसपास कडी सापडली आणि १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रौढ पक्ष्यांनी आपण भलत्या जागी आलो आहो हे ओळखले. दिशा बदलून ते वायव्येकडे वळले व आपल्या नेहमीच्या हिवाळी प्रदेशाकडे गेले. तरुण पक्ष्यांना मात्र हा बदल उमगला नाही. हॉलंडहून ज्या दिशेने ते निघाले होते, तीच दिशा धरून ते उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये जाऊन पोहोचले. म्हणजे ‘या दिशेने एवढे जावे’ एवढे ज्ञान घेऊन तरुण पक्षी जन्मतो. ‘अमुक गावी जावे’ हे ज्ञान त्याजजवळ नसते; प्रौढापाशी मात्र ते असते, कारण तो तेथे पूर्वी जाऊन आलेला असतो. याहून लक्षणीय गोष्ट पुढील वर्षांत आढळली. ज्या तरुणांनी पहिला हिवाळा चुकून स्पेनमध्ये काढला, त्यांपैकी काही पुढील हिवाळ्यांतही तेथेच परतले. पहिल्या प्रवासात जो मुक्काम घडला, तोच त्यांचा कायमचा मुक्काम झाला.

दिशा उपजत असते, याचा अधिक काटेकोर पुरावा जर्मनीतील राडोल्फझेल येथे पीटर बर्टहोल्ड व त्याचे सहकारी यांनी मिळविला. त्यांनी निवडलेला पक्षी ब्लॅककॅप नावाचा, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा, वटवट्याच्या जातीचा लहान पक्षी होता. प्रवासी जातीचा पक्षी पिंजऱ्यात असला, तरी प्रवासाचे दिवस आले की रात्री झोपत नाही. पंख फडफडवीत या दांडीवरून त्या दांडीवर उड्या मारीत राहतो. ही बेचैनी किती रात्री टिकते, हे मोजता येते. ती कोणत्या दिशेने आहे हे पाहावयाचे असेल, तर १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एमलेन पितापुत्रांनी योजिलेली युक्ती कामी येते. टीपकागदाचे एक नरसाळे करून त्याच्या तळाशी शाईची गादी ठेवावयाची व पक्ष्यास आत सोडावयाचे. तो ज्या बाजूस उडी घेईल, त्या बाजूस त्याच्या पायांची शाई उमटते. उपकरण इतके साधे, पण पक्ष्याच्या मनातील दिशा ते कागदावर उतरवून देते.

बर्टहोल्ड यांनी दक्षिण जर्मनीतील प्रवासी ब्लॅककॅप आणि कॅनरी बेटांवरील, फारसे न हलणारे ब्लॅककॅप यांचा संकर केला. संततीची बेचैनी आईबापांच्या मधोमध निघाली. पुढे १९९१ मध्ये हेल्बिग या सहकाऱ्याने नैर्ऋत्येकडे जाणारे जर्मन पक्षी व आग्नेयेकडे जाणारे पूर्व ऑस्ट्रियातील पक्षी यांची जोडी जमविली. त्यांची पिल्ले ना नैर्ऋत्येस वळली, ना आग्नेयेस. त्यांनी मधली, दक्षिणेची दिशा धरली. जी दिशा त्यांच्या आईची नव्हती आणि बापाचीही नव्हती, ती त्यांना शिकविणार तरी कोण? काळ्यासावळ्या व गोऱ्या आईबापांच्या मुलाचा वर्ण मधला यावा, तद्वत येथे दिशा मधली आली. वारशाचा याहून स्पष्ट दाखला सहसा सापडणार नाही.

तरीसुद्धा येथेच थांबून ‘सारे काही उपजत’ असा निर्वाळा देणे घाईचे ठरेल. स्टीफन एमलेन याने इंडिगो बंटिंग या निळ्या पक्ष्याची पिल्ले हाताने वाढविली व त्यांस कृत्रिम आकाशगृहात ठेवले. रात्री आकाश ध्रुवताऱ्याभोवती फिरताना दिसते, हे शिक्षक मुलांना दाखवितातच. एमलेनने काही पिल्लांच्या आकाशात हा मध्यबिंदू बदलून टाकला व मृगातील काक्षी या तांबूस ताऱ्याभोवती सारे आकाश फिरविले. प्रवासाची वेळ येताच त्या पिल्लांनी काक्षीलाच ध्रुव मानून, त्याच्या विरुद्ध दिशेस तोंड केले. आकाशातील स्थिर बिंदू शोधावा ही प्रेरणा उपजत. पण तो बिंदू कोणत्या ताऱ्यांपाशी आहे, हा धडा लहानपणी आकाशाकडे पाहूनच शिकावा लागतो. जन्माने केवळ पाटी दिली व काय लिहावयाचे ते सांगितले. अक्षरे आकाशाने गिरवून घेतली.

आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर याचे जलचर उदाहरण मिळते. हरिहरेश्वर व दिवेआगर येथे, तसेच शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला, ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासला त्यांच्या रक्षणाचे काम उभे केले. मादी अंडी घालून त्याच रात्री समुद्रात परतते. पिल्लांस तिचे दर्शनही घडत नाही. वाळूतून वर येणारे पिल्लू कोणाच्याही मार्गदर्शनावाचून पाण्याकडे धाव घेते. अमेरिकेत लोहमान या शास्त्रज्ञाने अशाच, परंतु दुसऱ्या जातीच्या, नवजात कासवांना पाण्याच्या टाकीत ठेवून भोवती तारांची वेटोळी बसविली व विजेच्या साहाय्याने दूरच्या समुद्रातील चुंबकीय परिस्थिती तेथे निर्माण केली. जे समुद्र त्यांनी कधी पाहिले नव्हते, तेथे सुरक्षित प्रवाहात राहण्यास जी दिशा योग्य ठरली असती, त्याच दिशेने ती पिल्ले पोहू लागली. हे ज्ञान उपजत खरे. मोठेपणी मादी बहुधा आपल्या जन्मभूमीच्या परिसरात परतते, ते मात्र जन्मस्थानाची खूण लहानपणी मनात ठसल्यामुळे, असे अभ्यासक मानतात. नियमास अपवादही असतात: २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली.

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. काही प्राण्यांत शिकवणीचाच भाग मोठा असतो. उत्तर अमेरिकेतील हूपिंग क्रेन हा मोठा पांढरा क्रौंच १९४१ च्या सुमारास पंचवीसहूनही कमी उरला होता. पुढे बंदिवासात अंडी उबवून पिल्ले वाढविली गेली. परंतु त्यांना दक्षिणेची वाट दाखविण्यास एकही वडीलधारा क्रौंच उरलेला नव्हता. तेव्हा २००१ मध्ये माणसांनीच पांढरे अंगरखे घालून, तोंडातून शब्द न काढता, हलक्या विमानातून पुढे उडत जाऊन त्या पिल्लांना विस्कॉन्सिनपासून फ्लोरिडापर्यंत नेले. एकदा नेल्यावर परतीची वाट ती स्वतःच धरीत. हे काम काही वर्षे चालले. २०१३ मध्ये त्यांच्या प्रवासाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की, ज्या थव्यात सात वर्षांचा एखादा जाणता पक्षी असे, तो थवा केवळ एक वर्षाच्या पक्ष्यांच्या थव्यापेक्षा सरळ वाटेपासून सुमारे ३८ टक्के कमी भरकटे. पक्ष्यांचे परस्परांशी रक्ताचे नाते आहे की नाही, याचा त्यावर परिणाम आढळला नाही. अनुभवी सोबती असला म्हणजे झाले.

चतुष्पादांत ही गोष्ट अधिकच ठळक दिसते. अमेरिकेतील डोंगराळ भागात बिगहॉर्न नावाची रानमेंढरे कोवळ्या गवतामागून ऋतूप्रमाणे डोंगर चढतात व उतरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पिढ्यान्‌पिढ्या एकाच मुलखात राहिलेल्या कळपांतील ६५ ते १०० टक्के मेंढरे असा प्रवास करीत; नव्या मुलखात नेऊन सोडलेल्या कळपांत मात्र हे प्रमाण ९ टक्क्यांहून कमी होते. नव्या कळपांना वाटा पुन्हा सापडून त्या अंगवळणी पडण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली. ज्यांनी घाट उतरून कोकणातील भातखाचरांत मेंढरे बसविणारे धनगर पाहिले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. कोणत्या वाटेला पाणी आहे, कोणत्या गावात तळ देतात, ही माहिती वाड्यातील वृद्ध माणसे जाणतात व चालता चालता ती मुलांना मिळते. ती सांगणारे गेले आणि चालणे थांबले, तर वाटही जाते.

राजस्थानातील भरतपूर येथे सायबेरियातून हिवाळ्यास येणारा पांढरा क्रौंच असाच दिसेनासा झाला. तेथे येणाऱ्यांची संख्या वर्षानुवर्षे घटत गेली, आणि २००२ नंतर तो तेथे दिसलेला नाही. शिकारीने व पाणथळींच्या ऱ्हासाने पक्षी गेले. परंतु क्रौंचाच्या जातीत वाट दाखविणारे जाणतेच नाहीसे झाले, की तळे जपून ठेवले तरी त्या तळ्यापर्यंत कोणास आणावे हा प्रश्न उरतो.

सारांश, ‘उपजत की शिकलेले’ या प्रश्नास सर्व प्राण्यांसाठी एकच उत्तर नाही. एकट्याने रात्री उडणाऱ्या लहान पक्ष्यास निघण्याची वेळ, दिशा व अंतर यांचा वारसा मिळतो. नेमका मुक्काम तो अनुभवाने शिकतो. समुद्रकासवास पहिला प्रवास जन्मतः येतो. क्रौंच, रानमेंढरे यांसारख्या कळपाने राहणाऱ्या प्राण्यांना वडीलधाऱ्यांची सोबत अत्यावश्यक असते. वारसा लवचीक असतो, हेही विसरता कामा नये. १९६० च्या सुमारापासून मध्य युरोपातील काही ब्लॅककॅप हिवाळ्यास इंग्लंडकडे जाऊ लागले, आणि त्यांच्या बंदिवासात जन्मलेल्या पिल्लांनीही तीच नवी दिशा धरली, असे १९९२ मध्ये सिद्ध झाले.

या साऱ्याचा बेलपाड्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. पर्डेकच्या तरुण पक्ष्यांनी जेथे पहिला हिवाळा काढला, तेथे ते पुढेही परतले. जे पाखरू प्रथमच उडून खाडीकाठी उतरते, त्याजजवळ बहुधा दिशा असते, मुक्काम नसतो. त्या वर्षी त्यास चिखल, तिवरांचा आडोसा व पोटभर अन्न मिळाले, तर ते येथील कायमचे पाहुणे होण्याचा संभव असतो. त्याच जागी भराव पडलेला असेल, तर एका हिवाळ्याचा आसरा गेला एवढेच होत नाही; पुढील अनेक वर्षांची ये-जा नाहीशी होते. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु पाखरे अभयारण्याच्या सीमा वाचीत नाहीत. भरतीच्या वेळी ती आसपासच्या लहानसहान पाणथळींचाच आश्रय घेतात.

वर्गाच्या दृष्टीने पुढील सूचना उपयोगी पडतील:

१. प्रत्येक शाळेने ‘पाहुण्या पाखरांची नोंदवही’ ठेवावी. धोबी, माळभिंगरी, भोरडी यांसारखे ओळखण्यास सोपे तीन-चार पक्षी निवडावेत. पहिल्यांदा कोणत्या तारखेस, कोठे व कोणास दिसले आणि शेवटचे केव्हा दिसले, एवढे लिहिले तरी पुरे. कल्पनेने तारीख भरू नये. दिसला नसेल तर ‘दिसला नाही’ असेच लिहावे.

२. ‘उपजत’ हा शब्द वर्गात आला, की दोन प्रश्न विचारावेत: शिकविणारा कोण असू शकेल? आणि त्याला वेगळे कसे काढता येईल? सुगरणीचे घरटे, मांजरीच्या पिल्लाची शिकार, लहान मुलाचे बोलणे, ही उदाहरणे मुलांकडून याच रीतीने तपासून घ्यावीत.

३. गावातील वृद्धांना मुलांनी भेटावे. पूर्वी खाजणे व मिठागरे कोठे होती, तेथे कोणते पक्षी येत, हे विचारून लिहून ठेवावे.

४. पक्षी पकडणे, अंडी काढणे, घरटी हलविणे हे सर्वथा वर्ज्य समजावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मनाई आहे. शास्त्रज्ञ असे प्रयोग परवानगीने व प्रशिक्षणानंतरच करतात, हे मुलांना स्पष्टपणे सांगावे.

शेवटी नोंदवहीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. शिक्षकाची बदली होते. सात-आठ वर्षे एका गावी राहून त्याने पाखरे, झाडे, मुले, माणसे जाणून घेतलेली असतात. तो गेला, की नव्या शिक्षकास पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. जाणता क्रौंच गमावलेल्या थव्याची स्थिती याहून फारशी वेगळी नसते. शाळेचा कार्यभार सोपविताना हजेरीपट व साहित्याची यादी जशी काळजीपूर्वक दिली जाते, तशीच ही नोंदवहीही द्यावी, व नवागत शिक्षकास एकदा खाडीकाठी नेऊन जागा दाखवावी. पाखरांना दिशेचा तरी वारसा रक्तातून मिळतो. शाळेच्या अनुभवाचा वारसा मात्र एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावा, तेव्हाच पुढे जातो.